कंडक्टरने उकरलेली हद्द

मी, भगीरथ कोंडू पष्टे, वय वर्षे एकोणऐंशी, पूर्वीचा धंदा एस.टी.त चालक, हल्लीचा धंदा ओट्यावर बसून रस्त्यावरच्या चालकांना नावे ठेवणे, राहणार वैशाखरे, तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे, आज रोजी हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो ते असे.

माझ्यावर कोणाचा दाब नाही. उलट माझाच दाब एका माणसावर आहे. तो का, ते पुढे येईल. माझी बुद्धी शाबूत आहे. हे मी म्हणतो म्हणून नव्हे. माझा सख्खा पुतण्या ॲडव्होकेट मनोज सुदाम पष्टे, वकिली शहापूर, याने मुरबाडच्या कोर्टात उभे राहून "वादीचे वय झाले असून त्यांना काही आठवत नाही" असे म्हटले, तेव्हा न्यायाधीश बाईंनी मला आजचा वार आणि तारीख विचारली. मी वार सांगितला, तारीख सांगितली, आणि बाईंना कल्याणला परत जायचे असेल तर आता गाडी नाही, जीपच धरावी लागेल, हेही सांगितले. बाईंनी शिपायाकडे बघितले. शिपायाने मान डोलावली. तेव्हापासून माझ्या बुद्धीचा विषय कोणी काढलेला नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. तसे कोणी दाखवले, तर कागद नंतर बघावा, दाखवणारा कोण ते आधी बघावे.

कलम १. माझे राहते घर, पडवी, ओटा आणि मागचे परस, हे सर्व माझी एकुलती मुलगी चंदा हिला द्यावे. चंदाचे सासर शहापूर तालुक्यात शेणव्याला. तिथून ती परत आली त्याला बरीच वर्षे झाली. का आली हे तिला माहीत आणि मला माहीत. बाकीच्यांनी आपापल्या घरात बघावे. ती आली तेव्हा भाऊबंदांतल्या एका शहाण्याने मला विचारले होते, "आता हिला पोसणार कोण?" त्यांना कळवतो की गेली कित्येक वर्षे तीच मला पोसते.

कलम २. माझे पाने, जॅक, ग्रीसची पिचकारी आणि पत्र्याची पेटी ही सर्व हत्यारे मुरबाड ते वैशाखरे जीप चालवणाऱ्या प्रणितला द्यावीत. त्या हत्यारांनी त्याने आधी स्वतःच्या जीपचे ब्रेक आवळावेत. माझा चालकाचा बिल्ला मात्र त्याला देऊ नये. बिल्ला कमवावा लागतो, आणि वळणावर हॉर्न न देणाऱ्याला तो शोभत नाही.

कलम ३. पतसंस्थेतली शिल्लक चंदाला. ती किती, हे इथे लिहीत नाही. आकडा दिसला की वाचणाऱ्याचे मजकुरावरचे लक्ष उडते, आणि मला पुढचे कलम सगळ्यांनी नीट ऐकायला हवे आहे.

कलम ४. आता शेत. खरे सांगायचे तर या कलमासाठीच बाकीची कलमे लिहिली.

गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराकडे, आमचे भाताचे शेत आहे. माझे वडील कोंडू यांनी हयातीतच त्याचे दोन वाटे केले, एक मला आणि एक धाकट्या सुदामला. वाटणी तोंडी. मोजणी नाही, नकाशा नाही, सातबाऱ्यावर दोघांची नावे एकत्र. वडिलांनी एका पहाटे एकट्याने जाऊन मधल्या बांधावर काळा दगड रोवला आणि घरी येऊन म्हणाले, "दगड आहे तितवर भगीरथाचं, पल्याड सुदामाचं. भांडलात तर दगडाला इचारा." सुदामचा वाटा आता त्याचा मुलगा मनोज बघतो. विहीर माझ्या वाट्यात पडली. भात काढले की त्या विहिरीवर चंदा भेंडी करते. तिची भेंडी वाशीच्या बाजारात जाते. विहीर नसेल तर चंदाचे शेत पावसाळा सोडून नुसते ढेकळांचे माळरान आहे, आणि चंदा पुन्हा कोणाच्या तरी दारात उभी आहे. हे मनोजलाही पक्के माहीत होते.

आमच्या घरात एक रीत आहे. भाताच्या रोपासाठी दरवर्षी शेण आणि पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, त्याला राब भाजणे म्हणतात. राब भाजून झाला की हद्दीच्या दगडाला कोंबडा द्यायचा. मुंडी आणि पाय दगडाच्या पायथ्याशी पुरायचे, बाकीच्याचा घरी रस्सा. हे काम घरातल्या एकाच माणसाने करायचे, दुसऱ्याला बरोबर न्यायचे नाही, आणि जाता-येता तोंडातून शब्द काढायचा नाही. आमच्या घरात ते काम माझी बायको सकुबाई करी, कारण मी कायम माळशेजच्या गाडीवर. एका वर्षी रजेवर असताना मी म्हणालो, यंदा मी जातो. ती म्हणाली, "अवो, तुमी बोलल्याबिगर दोन पावलं चालत नाय. बसा हितंच." मी बसलो.

तिच्याबरोबर फक्त आमचा कुत्रा जाई. तो माणसात मोडत नसल्यामुळे त्याला मुभा होती, आणि कोंबड्याची मान हा त्याचा ठरलेला वाटा होता. कुत्र्याचे नाव कंडक्टर. नाव मी ठेवले. दुसऱ्याच्या मागे बसून आवाज करायचा आणि चालती गाडी थांबवायची, हा त्याचा स्वभाव मी नोकरीत जवळून पाहिला होता.

सकू तीन पावसाळ्यांपूर्वी गेली. तिच्यामागे दगडाकडे कोणी फिरकले नाही. चंदाला रीत पुरती माहीत नव्हती आणि मला नेमकी जागा. बांधावर गवत माजले, आणि त्या गवतात दगड चालू लागला.

दगड कोणी हलवला हे मी लिहीत नाही. तसे लिहायचे नाही असे तडजोडीत ठरले आहे, आणि मी शब्दाचा पक्का आहे. एवढेच नोंदवतो की दगडाला पाय नसतात. त्या दिवाळीत मनोज माझ्या पडवीतली पहार "झाडं लावायला" म्हणून घेऊन गेला होता. आणि त्याच्या वाट्यात त्या वर्षी एकही झाड लागले नाही.

दिवाळीनंतर बघतो तर दगड विहिरीच्या अलीकडे आणि विहीर मनोजच्या वाट्यात. जुना बांध जेसीबीने सपाट. मनोजने लगोलग तारेचे कुंपण घातले, आत हिरवळ लावली आणि फार्महाऊसच्या प्लॉटांची पाटी उभी केली. पाटीवर मोठ्या अक्षरात होते, बारमाही पाणी. चंदा कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. मनोज तिला म्हणाला, "ताई, तू शेणव्याला दिलेली. पष्ट्यांची जमीन पष्ट्यांच्या नावावर नको का राहायला?"

चंदा म्हणाली, "मी शेणव्याची आन तू शहापूरचा. मग हितं चिखलात पाय कोणाचे हायेत, ते बघ."

आम्ही मुरबाडच्या कोर्टात दावा लावला. तिथे मनोजने माझी उलटतपासणी स्वतः घेतली.

"काका, दगड कुठे होता?"

"विहिरीच्या पलीकडे, बांधावर."

"बांध कुठे होता?"

"दगड होता तिथे."

न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवले. आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. गावाला सगळे ठाऊक होते, पण कोर्टाची पायरी चढून वकिलाशी वैर घ्यायला कोण येणार? लोक ओट्यावर येऊन मला खरे सांगत आणि चहा पिऊन जात. विहीर हातची गेली असे मी मनाशी धरून चाललो होतो. चंदाने त्या वर्षी भेंडीचे बियाणे आणले नाही.

मग गावात राब भाजायचे दिवस आले. धूर वर गेला आणि कंडक्टर ओट्यावरून उठला. तो तारेखालून घुसला, मनोजच्या हिरवळीत एका ठिकाणी जाऊन बसला आणि उकरू लागला. मनोजच्या माणसाने खड्डा बुजवला. कंडक्टरने पुन्हा तिथेच उकरले. वर फरशी टाकली, तर त्याने फरशीच्या कडेने उकरले. शेवटी मनोजने पोलिसात तक्रार दिली की भगीरथ पष्टे यांचा कंडक्टर आपल्या मिळकतीत घुसून वारंवार एकाच जागी खड्डा करतो. मला निरोप आला, "कंडक्टरला घेऊन या." मी घेऊन गेलो. हवालदाराने दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या.

आता गावाला दुसरे काही सुचेना. कुत्रा तिथेच का उकरतो? कोणी म्हणाले, तिथे मेलेले जनावर पुरले असेल. कोणी म्हणाले, कोंडूबाबाने हंडा पुरला असेल. हंड्याची गोष्ट मनोजच्या कानावर गेली आणि त्याने कुत्र्याची तक्रार एकदम ढिली सोडली. दोन-चार दिवस तो शहापूरहून रोज येई आणि खड्ड्याजवळ एकटाच रेंगाळे. मग एक दिवस त्याच्या हाताला हंड्याऐवजी कोंबडीचा पाय लागला. सुकलेला, नखांसकट. शेजारी दुसरा. खाली तिसरा.

आधी लोभ, मग भीती, आणि वकील असल्यामुळे शेवटी अर्ज. मनोजने लेखी दिले की काका आपल्यावर करणी करत आहेत, त्यासाठी कोंबड्या पुरत आहेत, आणि कुत्रा त्यांनी या कामासाठी शिकवून तयार केला आहे. ज्या कुत्र्याला मी आयुष्यात "बस" म्हटल्यावर तो कधी बसला नाही, त्याच्याविषयी हे. जादूटोणाविरोधी कायद्याचे कलम घातले होते. खड्डा पंचांसमोर खणावा आणि पंचनामा करावा, ही मागणी त्याचीच.

पोलीस आले, पंच आले, गावच्या पोलीस पाटील नम्रताबाई आल्या, आणि अर्धे गाव तारेला टेकून उभे राहिले. मनोज मोबाईलवर चित्रण करत होता. खणणारा खणत गेला आणि नखे, हाडे, चोची निघत गेल्या. वरची अजून धड, खालची काळी पडलेली, त्याखालची हातात घेताच भुगा होणारी. कुत्र्याने हे काल आणून टाकले असे उद्या कोणी म्हणू नये, म्हणून मनोज मजकूर स्वतः सांगू लागला. "लिहा. सदर वस्तू याच एका जागी, अनेक वर्षे, दरवर्षी, पुरल्या गेल्याचे स्पष्ट दिसून येते."

नम्रताबाई म्हणाल्या, "वकीलसाहेब, नक्की असंच लिहायचं ना?"

"शब्दन् शब्द. आणि जागेचं माप घ्या. विहिरीपासून टेप धरा."

टेप धरली. मग तो खणणाऱ्याला म्हणाला, अजून खोल जा. खोल गेल्यावर कोळसा लागला आणि त्यात फुटक्या खापराचे तुकडे. तारेला टेकलेले लोक एकमेकांना कोपराने ढोसू लागले. आमच्या भागात कोळसा आणि खापर कशाखाली पुरतात हे शेती करणाऱ्या घरात कोणाला सांगावे लागत नाही. कोळसा कुजत नाही, म्हणून तो हद्दीच्या दगडाखाली घालतात. सुदाम लहानपणीच कल्याणला गेला, त्यामुळे त्याच्या मुलाच्या वाट्याला दरवर्षी फक्त रस्सा आला होता. मनोज अजून मोबाईल धरून म्हणत होता, "कोळशाचा फोटो जवळून घ्या. हा अघोरी प्रकार आहे."

मी तिथे रडलो. मला त्याची लाज वाटत नाही. लोकांना वाटले म्हातारा विहिरीसाठी रडतो. मी त्या हाडांकडे बघत होतो. मी घाटात गाडी चालवत होतो तेव्हाची ती सगळी वर्षे तिथे एकावर एक होती, आणि त्यातले एकही वर्ष सकू चुकली नव्हती. मी घरी नसलो तरी माझी हद्द ती राखत होती, आणि तिने हे मला एकदाही ऐकवले नाही.

कंडक्टर हाड शोधत होता असे गावाचे म्हणणे आहे. माझे म्हणणे आहे की तो तिला शोधत होता. कोर्टाने माझे हे म्हणणे नोंदवून घेतले नाही, म्हणून इथे नोंदवतो.

मनोजने पंचनाम्यावर सही केली आणि प्रत मागून घेतली. पुढच्या तारखेला तीच प्रत आमच्या वकिलांनी बाईंपुढे ठेवली. बाईंनी ती दोनदा वाचली. "हा मजकूर तुम्हीच सांगितलात?" त्यांनी मनोजला विचारले.

"हो, पण तो वेगळ्या प्रकरणात."

"माप तुम्हीच घ्यायला लावलंत?"

"हो."

"मग हद्द तुम्हीच सिद्ध केलीत की. आता उरलं काय?"

मनोजने मुदत मागितली. मी बाकावर बसून होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कोर्टाचा बाक मऊ लागला.

त्या रविवारी तो घरी आला. कंडक्टर भुंकला, पण उठला नाही. मनोज ओट्यावर टेकून म्हणाला, "काका, घरातली भांडणं घरात मिटवू या."

मी काही बोलायच्या आत चंदा बाहेर आली. "मनोज, बस. च्या घे. पण आधी तार काढ."

तार निघाली. पाटी निघाली. दगड मूळ जागी, त्याच कोळशावर, मनोजने स्वतः पहार लावून बसवला. सरकारी मोजणी झाली, पोटहिस्सा पडून सातबारे वेगळे झाले, आणि विहीर माझ्या हिश्श्यात कागदावर आली. ते माझे शेत, त्यातली विहीर आणि विहिरीवरचा पंप यांसह, पूर्ण मालकी हक्काने चंदा भगीरथ पष्टे हिला द्यावे. पष्ट्यांची जमीन पष्ट्यांच्या नावावर राहील याची मनोजने काळजी करू नये. राहात आहे.

कलम ५. कुत्र्याला मिळकत देता येत नाही असे आमचे वकील सांगतात. कायद्यात ही चूक राहून गेली आहे. सबब, कंडक्टर जिवंत असेपर्यंत चंदाने त्याला सांभाळावे, आणि राब भाजल्यावर मान त्यालाच द्यावी. रीत आता चंदाने चालवायची आहे. तिला गप्प राहणे जमेल, ते तिने आईकडून घेतले आहे. कंडक्टरला मनोजच्या वाट्यातून जाण्यायेण्याची वहिवाट तडजोडीत कायमची मान्य झालेली आहे. ती अडवल्यास कोर्टात जावे. जिंकण्याचा अनुभव आहे.

कलम ६. मनोजला काही द्यायचे नाही असे मी ठरवले होते. चंदा म्हणाली, "बाबा, काकाचा पोर हाये, त्याला रिकामा नका धाडू." म्हणून माझी पहार त्याला द्यावी. झाडे लावायची राहिली आहेत.

कलम ७. मी गेल्यावर मला आमच्याच स्मशानात, आमच्याच माणसांनी खांद्यावर न्यावे. प्रणितच्या जीपमधून नेऊ नये. त्या प्रसंगी मला घाई नसेल. बाराव्याला लोक जेवायला येतील, त्यांना चंदाच्या शेतातली भेंडी वाढावी आणि कोणत्या विहिरीच्या पाण्यावरची आहे ते वाढताना सांगावे.

कलम ८. या मृत्युपत्राची व्यवस्थापक चंदा. आता साक्षीदारांविषयी, कारण वाचणाऱ्याला आश्चर्य वाटेल. मुलीला जमीन दिली की भाऊबंदांपैकी कोणीतरी उठतो आणि म्हणतो, म्हाताऱ्याला समजत नव्हते, सही त्याची नव्हे, मजकूर कोणी वाचून दाखवला नव्हता. आमच्या भाऊबंदात असे म्हणू शकेल असा एकच माणूस आहे. म्हणून तडजोडीची शेवटची अट मी अशी घातली की माझे मृत्युपत्र त्यानेच गावासमोर मोठ्याने वाचावे आणि पहिला साक्षीदार म्हणून त्यानेच सही करावी. वकील आहे, आपण कशावर सही करतो ते त्याला समजते. अट ऐकून तो म्हणाला, "काका, तुम्ही वकील व्हायला हवं होतं." मी म्हणालो, "घरात एक पुरे."

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, चष्मा लावून, पुन्हा वाचून, माझ्या ओट्यावर सही करून पुरे केले.

ठिकाण: वैशाखरे, ता. मुरबाड, जि. ठाणे
दिनांक: ९ मार्च २०२५, रविवार

लिहून ठेवणार:
(सही) भगीरथ कोंडू पष्टे

साक्षीदार क्र. १:
(सही) ॲड. मनोज सुदाम पष्टे, शहापूर
स्वहस्ते: वरील मजकूर मी गावासमोर मोठ्याने वाचून दाखवला. काकांनी पूर्ण शुद्धीत माझ्यासमोर सही केली. शेत व विहीर चंदाताईची, हे मला मान्य आहे. कलम ४ मधील भाषेस माझी हरकत नोंदवावी.

साक्षीदार क्र. २:
(सही) नम्रता, पोलीस पाटील, वैशाखरे
स्वहस्ते: सही माझ्यासमोर झाली. हरकत नोंदवली. भाषा बदललेली नाही.